वय ८, १६ आणि ४३: एकाच घरातल्या तिघांनी फेन्सिंग कसं शिकावं

निपाणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलगी तिसरीत, वय ८. भाचा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, वय १६, शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी आणि दांडपट्टा फिरवतो. त्यांचं स्वतःचं वय ४३, दिवसभर दुकानात उभं राहायचं काम, उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. भारताच्या भवानी देवीच्या लढती मोबाइलवर पाहिल्यापासून तिघांनाही फेन्सिंग, म्हणजे तलवारबाजी, शिकायचंय. मुलगी फार लहान, भाच्याला उशीर झालेला आणि आपली तर वेळच गेली, असं आहे का, हा त्यांचा प्रश्न. शिवाय आजीला धास्ती आहे की पोरीच्या डोळ्याला लागेल.

मी बेळगावात मुलांना आणि मोठ्यांनाही हा खेळ शिकवते. असे प्रश्न वरचेवर येतात, पण एकाच घरातून तिघांचा एकदम पहिल्यांदाच आला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उशीर झाला का, हे विचारण्याआधी कशासाठी, ते ठरवा. देशाकडून खेळायचं असेल तर वयाचा हिशेब कडक आहे. शाळेच्या आणि राज्याच्या स्पर्धांपर्यंत जायचं असेल तर बराच सैल आहे. नीट लढता यावं, घाम निघावा, डोकं चालावं एवढंच हवं असेल तर वयाची अट जवळजवळ नाहीच. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. तिघं एकाच गाडीतून येणार, एकाच हॉलमध्ये उतरणार, मग तिघांना एकच शिकवलं तर चालेल का? तसं चालत नाही. वय बदललं की आधी काय शिकवायचं, पाय किती वापरायचे, हातात ब्लेड कधी द्यायचं आणि पहिली खरी लढत कधी खेळू द्यायची, हे सगळं बदलतं. माझ्या पाहण्यात खेळ सोडून गेलेली बरीचशी माणसं दुसऱ्याच वयाला शोभेल अशा पद्धतीने शिकवलेली होती.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुमच्या गुडघ्यात नेमकं काय आहे, पोरगी हरल्यावर किती वेळ रुसते, भाच्याची पुढच्या वर्षी सीईटी आहे का, शिकवणारा कसा आहे आणि हॉलची फरशी कुठली आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. फरशीवर मी मुद्दाम परत येणार आहे.

आधी खेळाची तोंडओळख, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. हत्यारं तीन: फॉइल, इप्पी आणि सेबर. फॉइलमध्ये फक्त धडावर टोक लावायचं. इप्पीत डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही. सेबरमध्ये कमरेच्या वर, आणि तिथे टोकाबरोबर धारेचा वारही चालतो. फॉइल आणि सेबर जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, इप्पी ७७० ग्रॅमपर्यंत. फॉइल-सेबरमध्ये दोघांनी एकदम मारलं तर हल्ल्याचा हक्क कोणाचा होता, म्हणजे साधारणपणे हल्ला आधी कोणी सुरू केला, ते पंच ठरवतो. इप्पीत तसा हक्क नाही. सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचं टोक लागलं तर दोघांनाही गुण. लढायची पट्टी, म्हणजे पिस्ट, १४ मीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मीटर रुंद. बाजूला पळायला जागाच नाही. सगळा खेळ पुढे-मागे, म्हणजेच अंतराचा. समोरच्याचं टोक माझ्यापर्यंत पोचणार नाही पण माझं त्याच्यापर्यंत पोचेल, एवढा हातभर फरक पायांनी सतत सांभाळायचा असतो.

आता तुमची मुलगी. ८ हे सुरुवातीला उत्तम वय आहे. मात्र या वयात आम्ही फेन्सिंग फार थोडं शिकवतो. पाऊण तासाच्या तासात तलवार असलीच तर शेवटची दहा मिनिटं. बाकीचा वेळ खेळ. दोघांनी समोरासमोर उभं राहून तळहातांच्या मध्ये एक काठी नुसत्या दाबावर धरायची. एक पुढे गेला की दुसऱ्याने तेवढंच मागे जायचं, काठी पडली की हरलात. यातून अंतर अंगात मुरतं, आणि आपण काही शिकतोय हे पोरांना कळतही नाही. दुसरा खेळ हातमोज्याचा. मी खांद्याच्या उंचीवरून मोजा सोडते, तो जमिनीला लागायच्या आत लंज मारून झेलायचा. लंज म्हणजे मागचा पाय रोवून, हात आधी लांब करून, पुढचा पाय झपकन टाकणं. मोजा झेलायच्या नादात मूल हात आधी पुढे नेतं, आणि हीच गोष्ट मोठ्यांना समजावता समजावता माझा घसा बसतो.

लहान मुलांच्या बाबतीत दोन पथ्यं मी मोडू देत नाही. पहिलं, ब्लेडचा आकार. मोठ्यांचं ब्लेड ५ नंबरचं असतं, फॉइल-इप्पीत ९० सेंटिमीटर. ८ वर्षांच्या मुलीच्या हातात ते दिलं की टोक खाली झुकतं, ती मूठ आवळून धरते आणि सगळं मनगट-खांद्यातून करू लागते. ही सवय पुढे वर्षानुवर्षं निघत नाही. लहानांसाठी ० नंबरचं आखूड ब्लेड मिळतं. त्याहूनही आधी प्लॅस्टिकचं फॉइल बरं. दुसरं, दोन्ही बाजू. हा खेळ एकांगी आहे, एकच पाय कायम पुढे आणि एकच हात कामाला. वाढत्या अंगाला हे बरं नाही. म्हणून उड्या, धावणं, लंज सगळं उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंनी करून घेते. एखादं मूल डावखुरं निघालं तर त्याला अजिबात बदलू नका. या खेळात डावखुऱ्यांशी लढणं समोरच्यांना जड जातं.

स्पर्धांची घाई नको. देशात १० वर्षांखालच्या स्पर्धासुद्धा होतात आणि काही पालकांना तिथलं पदक हवंच असतं. माझं मत असं की पहिली दीड-दोन वर्षं क्लबमधल्या क्लबमध्ये ५ गुणांच्या लढती पुरेत. तुम्हाला भवानी देवीचं उदाहरण आवडलंय म्हणून सांगते. जन्म १९९३, चेन्नईच्या शाळेत २००४ साली सुरुवात, तीही बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या म्हणून. सरावाला आधी बांबूच्या काठ्या. दहावीनंतर केरळात थलासरीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात. ऑलिम्पिकला पात्र ठरणारी ती पहिली भारतीय फेन्सर. टोकियोत २०२१ साली पहिली लढत १५-३ जिंकली, दुसरी फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ हरली. आशियाई अजिंक्यपदाचं ब्राँझ आलं २०२३ मध्ये. म्हणजे शाळेतल्या पहिल्या दिवसापासून ऑलिम्पिकच्या पिस्टपर्यंत १७ वर्षं. तुमच्या मुलीने सहा महिने उशिरा ब्लेड धरलं तर त्यात काही बुडत नाही.

अकरा-बारानंतर एक गोष्ट होईल, ती आताच सांगून ठेवते. उंची झपाट्याने वाढू लागली की मुलीचं सगळं अंतर चुकायला लागेल. हात-पाय लांब झाले, पण डोक्यातलं माप जुनंच राहिलं. काल जिंकणारी पोर आज हरते आणि घरचे म्हणतात लक्ष नाही हिचं. त्याच काळात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखू लागतं, कारण हाड वाढतं आणि स्नायूंची ओढ वाढीच्या कोवळ्या जागेवर येते. तेव्हा लंज आणि उड्या कमी करायच्या, हाताचं काम वाढवायचं, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं. वर्षभरात बहुतेकांचं माप परत जमतं.

आजींच्या भीतीबद्दल. त्यांची भीती खोटी नाही. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत फेन्सर व्लादिमिर स्मिरनोव्ह यांच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं ब्लेड आत गेलं आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मास्क, कपडे आणि ब्लेडचं पोलाद, सगळ्यांचे नियम कडक झाले. धोका टोकाचा फारसा नाही, कारण ते बोथट असतं; धोका ब्लेड तुटल्यावरच्या धारदार टोकाचा. म्हणून जॅकेटच्या आत प्लास्ट्रॉन, म्हणजे काखेपाशी शिवण नसलेलं संरक्षक अर्धं जॅकेट, घालायलाच हवं, मुलींना छातीचं कवच हवं, आणि मास्कची जाळी १२ किलोच्या टोच्याने तपासलेली हवी. कोणाचा जुना, जाळी चेपलेला मास्क स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. एवढं पाळलं तर रोजच्या सरावात लागतं ते मुरगळलेला घोटा, भरून आलेली मांडी आणि दंडावरचे निळे डाग. आजींना एकदा मास्क हातात देऊन जाळी दाबून पाहायला सांगा. माझ्याकडे आलेल्या दोन-तीन आज्या तेवढ्यावर निवांत झाल्या.

भाच्याकडे येऊ. १६ हे वय मला मनापासून आवडतं, कारण मी स्वतः त्याच वयात सुरुवात केली. लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या बरोबरीला यायला वेळ लागेल, पण सांगितलेलं एकदा कळतं, ताकद असते आणि सरावाला स्वतःहून येतात. कॅडेट गट १७ वर्षांखालचा, तो त्याच्या हातून गेल्यातच जमा. ज्युनिअर २० वर्षांखालचा, तिथे त्याला तीनेक वर्षं मिळतील. त्याने जोर लावला तर राज्यापर्यंतची स्वप्नं बघायला हरकत नाही. त्यापलीकडचं वचन मी देणार नाही आणि कोणी देत असेल तर सावध राहा.

त्याच्या दांडपट्ट्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मला त्याचंच जास्त कुतूहल आहे. आपल्याकडे मर्दानी खेळातून येणारी मुलं बरीच. त्यांच्या दोन गोष्टी तयार असतात. अंगावर येणाऱ्या हत्याराला ती डोळे मिटत नाहीत, आणि समोरच्याच्या खांद्याकडे बघून वार कुठून येणार ते ओळखतात. नव्या मुलाला एवढं शिकवायला माझा बराच वेळ जातो. अडचण दुसरीकडे आहे. पट्ट्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबणीत असतो, मनगट मोकळं नसतं, वार खांद्यातून आणि सगळ्या अंगाच्या गिरकीतून येतो. तिथला पवित्रा चहूबाजूंच्या माणसांसाठी बांधलेला. इथे समोर एकच माणूस, एकच सरळ रेषा, आणि सगळं काम बोटांचं. पतंगाचा मांजा बोटांत खेळवतात तसं ब्लेड अंगठा आणि तर्जनीत खेळवायचं. पट्टेवाला मुलगा मोठा फिरवून वार काढतो, तोवर समोरच्याचं टोक त्याच्या मनगटावर बसलेलं असतं.

असा मुलगा पहिल्याच दिवशी सेबर मागतो, कारण ते ओळखीचं वाटतं. मी त्याला आधी पाच-सहा महिने फॉइल देते. नुसतं टोक लावायचं म्हटल्यावर गिरकी आपोआप गळते. मग सेबरकडे गेला तर उत्तमच. हे सगळ्या शिक्षकांना पटतं असं नाही. काही जण सरळ सेबरवर घेतात आणि वार लहान करत आणतात. तेही जमतं, पण शिकवणारा रोज शेजारी उभा असेल तर.

आणि पहिले दोन महिने तो वैतागणार. एकदा मुलं जिन्यात बोलत होती ते मी ऐकलं, ‘नुसतं पुढं-मागं चालायलाच लावुलालेत की बे!’ खरंच लावते. १६ व्या वर्षी ताकदीवर पहिले सामने जिंकता येतात, आणि तीच अडचण आहे. क्लबातल्या लहानांना धसमुसळेपणाने हरवून मुलगा खूश होतो, पाय कच्चेच राहतात, आणि बाहेरच्या पहिल्या स्पर्धेत शांतपणे मागे सरकणाऱ्या एखाद्या सडपातळ मुलाकडून पाच-शून्य होतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: मुलीला खेळातून अंतर, हलकं ब्लेड, स्पर्धा सावकाश. भाच्याला आधी पाय आणि बोटं, फॉइलवरून सेबर, लढती लवकर पण नजरेखाली. आता उरलात तुम्ही, आणि खरं सांगायचं तर तिघांत जास्त काळजी मला तुमचीच आहे.

चाळिशीनंतर डोकं पोरांपेक्षा लवकर शिकतं. हल्ल्याचा हक्क, फसवा वार, समोरच्याची सवय हेरणं, हे मोठ्यांना एका आठवड्यात कळतं. फटकन प्रतिसाद देण्याचा वेग थोडा उतरलेला असतो, पण समोरचा काय करणार ते आधी ओळखून त्याची भरपाई होते. घात करतात ते स्नायूबंध. मांडीचे स्नायू महिन्या-दीड महिन्यात तयार होतात. पोटरी टाचेला जोडणारा आणि गुडघ्याच्या वाटीखालचा बंध तयार व्हायला कितीतरी महिने लागतात. माणसाला वाटतं, आता दम लागत नाही, जोर लावू या. नेमकं तेव्हाच मागून कोणी लाथ मारल्यासारखं होतं आणि पोटरी जाते.

म्हणून तुमच्या वयाच्या माणसाला मी आठवड्यातून दोनच दिवस बोलावते, मध्ये किमान एक दिवस सोडून. पहिले दोन महिने पूर्ण लंज बंद, फक्त अर्धा. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवा, आत अजिबात वळायला नको. हे आरशासमोर रोज तपासायचं. घरी जिन्याच्या पायरीवर टाचा खाली सोडून हळू वर उचलायच्या. तास सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं अंग गरम. आणि हत्यार इप्पी. तिथे हक्काची भानगड नाही, घाई करणारा मार खातो आणि वाट बघणाऱ्याला गुण मिळतात. ४० नंतर व्हेटरन गटही असतो, त्यामुळे आपल्या वयाच्या माणसांशी खेळायची सोय आहे.

हंगेरीचे अलादार गेरेविच यांचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईलच. १९३२ ते १९६० अशा सलग सहा ऑलिम्पिकमध्ये सेबरचं सांघिक सुवर्ण, शेवटचं पन्नाशीत. खरं आहे. पण ते कोवळ्या वयापासून खेळत होते, त्यांच्या बंधांना ती सवय चाळीसेक वर्षांची होती. त्यांच्याकडून हुरूप घ्या, सरावाचं वेळापत्रक घेऊ नका.

आता फरशी. आपल्याकडे लाकडी मजल्याचे हॉल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बहुतेक सराव शाळेच्या सभागृहात, मंगल कार्यालयात, सिमेंटवर नाहीतर शहाबादीवर. दर लंजला पुढची टाच आपटते आणि तो धक्का गुडघ्यातून कमरेपर्यंत जातो. ८ वर्षांची मुलगी हलकी, तिला एवढं जाणवत नाही. तुम्हाला जाणवेल. कठीण फरशी असेल तर रबरी मॅट आहे का विचारा, पुढच्या पायाच्या बुटात टाचेखाली जाड गादी ठेवा, आणि धावायचे फुगीर तळाचे बूट घालून येऊ नका, त्यात घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे सपाट रबरी तळाचे बूट चांगले. पहिल्या तीन महिन्यांत एवढीच खरेदी. मास्क-जॅकेट क्लबाचं वापरा, टिकलात तर घ्या. घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा: खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात ओल्या पिशवीत राहिलेलं ब्लेड आठवड्यात गंजतं आणि मास्कला बुरशी येते. घरी गेल्यावर ब्लेड पुसून तेलाचं बोट फिरवायचं, मास्क पंख्याखाली.

कोल्हापूर की बेळगाव? निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. मुलीसाठी तरी जवळचं चांगलं; तीन तास गाडीत बसलेलं मूल पिस्टवर पेंगतं. पण शिकायचं कुठे आणि खेळायचं कुणाकडून, हे दोन वेगळे विषय आहेत. शाळा कर्नाटकात आहे, तेव्हा शालेय स्पर्धा तालुका-जिल्ह्यावरून कर्नाटकाकडूनच. संघटनेच्या स्पर्धांसाठी नाव कुठल्या जिल्ह्यात नोंदवायचं, रहिवासाचे कुठले कागद लागतात, हे पहिल्या वर्षीच लेखी विचारून घ्या. दोन्हीकडे नाव लावायच्या भानगडीत पडू नका. आणि महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात म्हणून इकडेही तसंच असेल, असं धरून भाच्याचं वर्ष आखू नका. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, शाळेच्या पीटी सरांशी ओळख ठेवा. पिस्टवर मात्र भाषेची अडचण नाही. पंचाचे शब्द फ्रेंच असतात, ते मराठी आणि कन्नड पोरांना सारखेच परके.

क्लब निवडायला एखाद्या साध्या दिवशी, आधी न कळवता जा आणि पूर्ण तास बसून बघा. छोट्यांच्या हातात छोटी ब्लेडं आहेत का, शिक्षक प्रत्येकाला दोन-चार मिनिटं तरी एकेकट्याचा धडा देतात का, मास्क न घालता कोणी ब्लेड उगारलं तर तास थांबतो का. शेवटची गोष्ट दिसली नाही तर तिघांनाही घेऊन परत या.

आणि गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘फेन्सिंग करू का’ एवढंच विचारू नका. त्यांच्या खोलीत अर्धा लंज करून दाखवा, पुढचा गुडघा किती वाकतो आणि मागचा पाय किती ताणला जातो ते त्यांना बघू दे, शंभरेक वेळा हे करायचंय म्हणून सांगा. बीपी आणि साखर त्याच फेरीत तपासून घ्या, कारण मास्क आणि जॅकेटच्या आत मे महिन्यात काय होतं ते बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.